काठी उचलण्याआधीचं काम

वादकांपुढे स्वरलिपी आहे, वादक कसलेले आहेत, मग प्रेक्षकांकडे पाठ करून काठी फिरवणारा माणूस हवाच कशाला? पाश्चात्त्य वाद्यवृंद पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, आणि तो रास्त आहे. पण वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याचं पान असतं. बासरीवाल्याला चेलोच्या पानात काय आहे ते दिसत नाही. सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेला स्कोअर एकट्या कंडक्टरपुढे असतो.

बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात घ्या. ते चार स्वर जगभर माहीत आहेत, पण त्यांच्या आधी क्षणभराची विश्रांती लिहिलेली आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा सभागृह शांत असतं, स्वर त्यानंतर उमटतात. म्हणजे लय काय, जोर किती, हे सगळं हात वर जातानाच सांगून झालेलं असावं लागतं. इशारा जरा गुळमुळीत झाला की व्हायोलिन एका क्षणी शिरतात आणि डबल बास दुसऱ्या. पुढचा पेच चौथ्या स्वराचा. तो किती लांबवायचा याचं माप कागदावर नाही, थांबण्याची नुसती खूण आहे. पन्नास-साठ माणसांनी तो स्वर एकाच क्षणी सोडायचा तर कुणीतरी एकाने ठरवायला हवं. छोट्या वृंदाला कंडक्टरविना जमतं, हेही खरं. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून तसाच वाजवतो.

मैफलीत दिसतं तेवढंच कंडक्टरचं काम, हा त्याहून मोठा गैरसमज. एका कार्यक्रमासाठी बऱ्याच ठिकाणी तीन-चार तालमीच मिळतात. तालमीला येण्याआधी कंडक्टरने स्कोअर घरी बसून आठवडेच्या आठवडे वाचलेला असतो, आणि सगळी रचना त्याच्या मनात वाजत असते. तालीम म्हणजे मनातलं ते वाजणं आणि समोरचं वाजणं यांतला फरक पकडणं. हॉर्न ऑबोला झाकतोय का, व्हायोलिनचे गज एकाच दिशेने फिरताहेत का, हे तिथेच निस्तरायचं.

ही जन्मजात देणगी असते असंही लोक मानतात. मुंबईत १९३६ साली जन्मलेल्या झुबिन मेहतांचं उदाहरण त्यासाठी हमखास दिलं जातं. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. घरात संगीत होतंच. पण वैद्यकीय शिक्षणाची वाट सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेल्यावर त्यांनी काय केलं ते पाहावं. हान्स स्वारोव्स्की या कठोर गुरूकडे ते कंडक्टिंग शिकले, डबल बास वाजवला, आणि मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून सहाध्यायी क्लाउडिओ अबादोबरोबर चक्क कोरसमध्ये गायला उभे राहिले. १९५८ ची लिव्हरपूलची स्पर्धा त्यांनी जिंकली ती त्यानंतर.

ऑपेराबद्दल तर आपल्याकडे वेगळीच समजूत आहे. नाट्यपदाला ऑर्गन-तबला गायकामागून जातात, तशीच ऑपेरातही साथ असणार, असं वाटतं. दोन-तीन साथीदार गायकाच्या नजरेवर जाऊ शकतात. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेल्या सत्तर वादकांपैकी बहुतेकांना गायक दिसतही नाही. तार स्वरावर तो आज किती रेंगाळणार, त्याचा श्वास पुरणार का, हे कंडक्टरने त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखायचं आणि वृंदाला त्याच क्षणी सोबत न्यायचं. शिवाय ध्वनीला अंतर कापायला वेळ लागतो. पंचवीस मीटर मागे उभ्या असलेल्या कोरसपर्यंत वाद्यांचा आवाज पोचायला सेकंदाचा सुमारे चौदावा हिस्सा जातो, आणि जलद लयीत एवढा फरकही बोचतो. म्हणून कोरसला कानापेक्षा कंडक्टरच्या हातावर विसंबावं लागतं. १९९२ मध्ये ‘तोस्का’ हा ऑपेरा रोममधल्या प्रत्यक्ष स्थळांवरून थेट प्रक्षेपित झाला, तेव्हा गायक तिथे आणि मेहता व वाद्यवृंद शहरात दुसरीकडेच. गायकांना मेहतांचा हात दिसत होता तो मॉनिटरवर. साथ म्हणून याची बोळवण कशी करायची?

हे अंगी बाणतं ते ऑपेरागृहातच. जुनी जर्मन वाट अशी: आधी पियानोवर बसून गायकांकडून भूमिका घोटून घ्यायच्या, मग छोट्या गावातल्या ऑपेरागृहात काठी घेऊन उभं राहायचं. कंडक्टर किरिल पेत्रेंको मायनिंगेन नावाच्या अशाच एका गावात होते. तिथे २००१ मध्ये वाग्नरचा चार ऑपेरांचा ‘रिंग’ त्यांनी लागोपाठ चार दिवसांत उभा केला. पुढे बर्लिनचं ऑपेरागृह, मग म्युनिकचं.

कंडक्टर म्हणजे हुकूमशहा, ही प्रतिमा इटालियन कंडक्टर तोस्कानिनींच्या संतापाच्या गोष्टींतून आली आणि चिकटून बसली. तो पुरुषच असतो ही समजूतही त्याच काळातली. मॅरिन ऑल्सप यांनी २००७ मध्ये बाल्टिमोर सिंफनीची सूत्रं हाती घेतली, आणि ऑक्साना लिनिव्ह २०२१ मध्ये बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवातल्या पहिल्या स्त्री कंडक्टर ठरल्या. हुकूमशाहीचं म्हणाल तर व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९३३ पासून कायमचा प्रमुख कंडक्टर नेमलेलाच नाही. पाहुणे कोण हे वादक ठरवतात. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये प्रमुख निवडला जातो वादकांच्या मतदानाने. २०१५ मध्ये त्यांनी पेत्रेंकोंना निवडलं.