ट्रेकचा हिशेब उतारावरून मांडा

बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट सह्याद्रीतल्या अवघड वाटांमध्ये गणली जाते. ओढ्यातले धोंडे, घसारा आणि कातळटप्पे ओलांडत ती कोकणकड्याजवळ माथ्यावर निघते. या वाटेने चढलेले बहुतेक गट उतरायला मात्र साधले घाट किंवा पाचनईची वाट धरतात. ही रीत अनुभवातून पडली असली, तरी शरीरशास्त्रही तिच्याच बाजूने कौल देते. डोंगरवाटेवर खरा कस लागतो तो उतरताना. आपली तयारी मात्र चढाईपुरतीच असते.

चढताना मांडीचे स्नायू आखडत शरीर वर उचलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराला थोपवून धरतात. ॲबट, बिगलँड आणि रिची या संशोधकांनी 1952 मध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचे आणि दुसऱ्याने ते अडवायचे. जोर दोघांचा सारखाच, पण अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा एका लहानखुऱ्या स्त्रीने धिप्पाड पुरुषाला सहज दमवले. उतरणे सोपे वाटते ते यामुळेच. मात्र थोपवण्याच्या कामात थोड्याच तंतूंवर जास्त ताण येतो, त्यांना सूक्ष्म इजा होते आणि स्नायूची ताकद घटत जाते. चढणाऱ्याला धाप लागते, म्हणून तो थांबतो. उतरणाऱ्याला तशी धाप लागत नाही. मांड्या थकल्याचे त्याला पाय लटपटू लागल्यावरच कळते.

त्यात वाटही त्याला साथ देत नाही. सह्याद्रीच्या कड्यांतून सुटलेले बेसॉल्टचे दगड नाळेत साचतात. सुट्या दगडांचा असा ढीग साधारण 30 ते 35 अंशांच्या उतारावर स्थिरावतो, म्हणजे त्यातला दगड घसरण्याच्या बेतातच असतो. चढताना चवडा सावकाश टेकवता येतो. दगड हललाच, तर मागचा पाय भार पेलून असतो. उतरताना टाच टेकताक्षणी सगळे वजन तिच्यावर येते आणि रेटाही उताराच्याच दिशेने बसतो. कातळटप्प्यावर तर पुढची खोबण पोटाखाली दडते. म्हणूनच हरिहर किल्ल्याच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या कातळाकडे तोंड करून, खाचांत बोटे रोवून आणि पायाने खालची पायरी चाचपत उतरतात.

ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्ये पदभ्रमण करणाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास झाला, तेव्हा पडण्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश घटना उतरतानाच्या निघाल्या. उतरण दिवसाच्या शेवटी येते, तेव्हा हा दोष थकव्याचा आहे, असे कोणी म्हणेल. थकव्याचा वाटा आहेच. पण थकलेल्या पायांकडून नेमके थोपवण्याचेच काम मागितले जाते, म्हणून दोन्ही कारणे वेगळी काढता येत नाहीत. हृदयावरचा ताण चढताना जास्त असतो, हा मुद्दाही रास्त आहे. हृदयविकार असलेल्यांनी चढाईचीच धास्ती बाळगावी. तिसरा आक्षेप असा, की डोंगरातली माणसे उतारावरून पळत जातात. ते खरे आहे आणि त्यातच उपायही आहे. उतरण्याचा एक चांगला सराव झाला, की त्याच श्रमाने होणारी स्नायूंची इजा पुढचे काही आठवडे बरीच कमी होते.

तेव्हा ट्रेकच्या सरावासाठी इमारतीचे जिने चढून लिफ्टने खाली येणाऱ्यांनी जिनेही उतरावेत. माथा गाठण्यात सगळी ताकद खर्चू नये. परत फिरण्याची वेळ आधीच ठरवून ती पाळावी. उतारावर धाप लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने थांबावे, हातात काठी ठेवावी. आणि जो कातळटप्पा उतरता येईल याची खात्री नाही, तो दोराची सोय किंवा उतरायला दुसरी वाट असल्याशिवाय चढू नये.