बिदर-कलबुर्गीत मास्तर व्हायचंय? आधी ‘३७१-जे’चा दाखला काढा

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदची पोरं डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघतात. पण अर्ज भरताना एका दाखल्यावर गाडी अडते. राज्यघटनेच्या कलम ३७१-जे मुळे कल्याण कर्नाटकात ‘क’ गटातली ८० टक्के सरकारी पदं स्थानिकांना राखीव आहेत. प्राथमिक शिक्षक याच गटात येतात. शिपाई वगैरे ‘ड’ गटासाठी हेच प्रमाण ८५ टक्के.

दाखला कोणाला? १ जानेवारी २०१३ पूर्वी ज्यांचा जन्म इथला किंवा वास्तव्य १० वर्षांचं, त्यांना आणि त्यांच्या मुलांना. तो सहायक आयुक्त देतात. जन्म इथला असेल, तर लातूर-नांदेडला शिकलात म्हणून हक्क जात नाही.

शिवाय कर्नाटकची टीईटी लागते; त्यात पहिली भाषा मराठी घेता येते. जाहिरात निघाल्यावर धावपळ नको, दाखला आत्ताच काढून ठेवा.