शैवले, कोंबड्यांच्या खाद्यातील

कोंबड्यांच्या नेहमीच्या समतोल खाद्यात अल्प प्रमाणात मिसळल्या जाणाऱ्या वाळविलेल्या शैवलांचा समावेश खाद्यपूरकांत होतो. मका, सोयाबीनची पेंड, मासळीचे कूट, शिंपल्यांचा चुरा इ. मुख्य घटकांची जागा ती घेत नाहीत. रंगद्रव्ये, जीवनसत्त्वे, खनिजे व काही मेदाम्ले पुरवून ती खाद्याची गुणवत्ता वाढवितात. त्यांचा उपयोग शैवलाची जाती, शुद्धता आणि मात्रा या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. या तिन्हींची खात्री नसल्यास तेच शैवल निरुपयोगी किंवा क्वचित घातकही ठरते.

पूर्वेतिहास : शैवल हे अन्न म्हणून नवे नाही. मेक्सिकोतील ॲझटेक लोक टेक्सकोको सरोवरातील नील-हरित शैवल गोळा करून खात असत, तर आफ्रिकेतील चॅड सरोवराच्या परिसरात कानेंबू लोक त्याच्या वाळविलेल्या वड्या आजही आहारात वापरतात. पक्ष्यांच्या बाबतीत लहान रोहित (फ्लेमिंगो) हे उत्तम उदाहरण होय. पूर्व आफ्रिकेतील क्षारीय सरोवरांत हा पक्षी मुख्यत्वे स्पायरुलिना या शैवलावर जगतो आणि त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही शैवलातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शैवलांची कृत्रिम लागवड शक्य झाल्यावर पशुखाद्यातील त्यांच्या वापराकडे लक्ष वेधले गेले.

प्रकार : स्पायरुलिना (आर्थ्रोस्पायरा ) हे मळसूत्री तंतूंचे नील-हरित शैवल खाद्यपूरक म्हणून सर्वांत परिचित आहे. आधुनिक वर्गीकरणात नील-हरित शैवलांचा समावेश सूक्ष्मजंतूंमध्ये (सायनोबॅक्टेरियांमध्ये) करतात. क्लोरेला हे एककोशिक हिरवे शैवल असून त्याची कोशिकाभित्ती (पेशीभित्ती) चिवट असते. ती फोडल्याशिवाय कोंबडीला आतील पोषक द्रव्यांचा पुरेसा लाभ होत नाही. उल्वा, सरगॅसम यांसारखी समुद्री शैवले कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर आढळतात. त्यांत खनिजे विपुल, पण प्रथिने स्पायरुलिनापेक्षा कमी असतात. त्यांतील मिठामुळे, मात्रा वाढल्यास कोंबड्या जास्त पाणी पितात, विष्ठा पातळ होते व गादी (लिटर) ओली राहते.

महाराष्ट्रातील नैसर्गिक अधिवास : ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी, तसेच जवळची अकलोली व वज्रेश्वरी ही तानसा नदीच्या खोऱ्यातील गावे उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. अकलोली व गणेशपुरी येथील झऱ्यांतील शैवलांचे वर्णन जे. टॉमस व एला गोन्साल्व्हिस यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. पश्चिम भारतातील उष्णजलीय शैवलांच्या अभ्यासात ते महत्त्वाचे मानले जाते. अशा झऱ्यांत प्रामुख्याने नील-हरित शैवले असतात व त्यांचे बुळबुळीत थर दगडांवर आणि कुंडांच्या कडांवर वाढतात. बहुतेक वनस्पतींना असह्य होणाऱ्या उष्णतेत ती टिकून राहतात.

ही शैवले व खाद्यातील स्पायरुलिना एकाच मोठ्या गटातील असली, तरी एकीवरून दुसरीविषयी अनुमान काढणे योग्य नाही. स्पायरुलिनाची वाढ सु. ३०°–३७° से. तापमानाच्या, अतिशय क्षारीय पाण्यात उत्तम होते. झऱ्याच्या थरांत मात्र अनेक जातींची शैवले व इतर सूक्ष्मजीव एकत्र असतात आणि स्नानाच्या कुंडांत साबण व मलिन द्रव्यांचीही भर पडते. त्यामुळे असे थर खरवडून कोंबड्यांना घालणे अयोग्य होय. स्पायरुलिनाचा खरा नैसर्गिक अधिवास महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात पाहावयास मिळतो. तेथील पाणी अतिशय क्षारीय असून त्यात हे शैवल विपुल आढळते. मात्र हे सरोवर संरक्षित असून २०२० मध्ये त्याचा रामसर स्थळांत समावेश झाला. म्हणून ते अभ्यासाचे क्षेत्र आहे, खाद्याच्या संकलनाचे नव्हे. खाद्यासाठी वापरावयाचे शैवल सोडियम बायकार्बोनेटयुक्त पाण्याच्या उथळ हौदांत, पाणी सतत हलते ठेवून वाढवितात. नंतर ते गाळून, धुऊन व कमी तापमानात वाळवून त्याची भुकटी करतात.

पोषणमूल्य व मात्रा : वाळविलेल्या स्पायरुलिनात ५५ ते ७०% प्रथिने असतात. त्यात मिथिओनीन हे ॲमिनो अम्ल तुलनेने कमी असते व कोंबड्यांच्या खाद्यात नेमकी त्याचीच उणीव प्रथम भासते. सामान्यतः खाद्यात १% किंवा त्याच्या आसपास शैवल मिसळतात. अंडी देणारी कोंबडी दिवसाला सु. ११० ग्रॅ. खाद्य खाते असे धरल्यास तिच्या पोटात १.१ ग्रॅ. शैवल व त्यातून सु. ०.७ ग्रॅ. प्रथिन जाते. १६% प्रथिनांच्या खाद्यातून तिला एकूण १७.६ ग्रॅ. प्रथिन मिळते, म्हणजे शैवलाचा वाटा जेमतेम ४% ठरतो. यावरून या मात्रेतील शैवल हे प्रथिनांचा स्रोत नसून पूरक का मानतात, हे स्पष्ट होते. शिवाय त्याची किंमत सोयाबीनच्या पेंडीच्या अनेक पट असते. मात्रा फार वाढविल्यास पिलांची वाढ मंदावते, असेही प्रयोगांत दिसून आले आहे.

शैवलाचा सर्वांत निश्चित परिणाम अंड्याच्या बलकावर होतो. कोंबडी स्वतः कॅरोटिनॉइडे तयार करू शकत नाही. ती खाद्यातूनच मिळावी लागतात. परसात हिंडणाऱ्या गावठी कोंबडीला ती हिरव्या पाल्यातून मिळतात, म्हणून तिच्या अंड्याचा बलक गडद असतो. पिंजऱ्यातील कोंबडीला ही सोय नसल्याने शैवलाच्या अल्प मात्रेनेही बलकाचा रंग स्पष्टपणे खुलतो. रंग गडद झाला म्हणजे अंडे सर्वार्थाने अधिक पौष्टिक झाले, असे मात्र नव्हे.

आरोग्यावरील परिणाम : अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात १९९०–९९ या दशकात झालेल्या प्रयोगांत स्पायरुलिना दिलेल्या पिलांमधील भक्षककोशिकांची क्रियाशीलता व प्रतिपिंडांची निर्मिती वाढल्याचे आढळले. वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्यावर निर्बंध येऊ लागल्याने अशा पर्यायांना महत्त्व आले आहे. यूरोपीय संघाने हा वापर १ जानेवारी २००६ पासून बंद केला, तर भारताने अन्नोपयोगी प्राण्यांत कोलिस्टीन या प्रतिजैविकाच्या वापरावर २०१९ मध्ये बंदी घातली.

तथापि प्रतिकारशक्तीला साहाय्य करणे आणि रोग रोखणे या भिन्न गोष्टी आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला व असंख्य कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये भिवंडीला लागून असलेल्या शहापूर तालुक्यातील वेहळोली येथेही हा रोग आढळला. अशा रोगाला कोणतेही खाद्यपूरक अडवू शकत नाही. बाहेरील पक्षी व माणसे यांचा संपर्क टाळणे, निर्जंतुकीकरण करणे आणि मर आढळताच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळविणे हेच खरे उपाय होत. मानमोडी (राणीखेत), गंबोरो व देवी या रोगांवरील लसीकरणही शैवल देत असल्याच्या सबबीवर टाळता येत नाही.

धोके व दक्षता : तळ्यांवर उन्हाळ्यात येणारा हिरवा तवंग बहुधा मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवलाचा असू शकतो. त्यातील विषे यकृताला इजा करतात व पाणी उकळूनही ती नष्ट होत नाहीत. दिसण्यावरून विषारी व निर्विष शैवल ओळखणे सामान्य माणसाला शक्य नसल्याने तळे, नाला किंवा झरा यांतील शैवल कोंबड्यांना देऊ नये. तवंग आलेले पाणीही पाजू नये. शैवले पाण्यातील शिसे, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये शोषून साठवितात. म्हणून विकत घेतलेल्या भुकटीचेही परीक्षण झालेले असणे आवश्यक असते. भुकटी कोरड्या, अंधाऱ्या जागी, हवाबंद डब्यात ठेवावी, कारण प्रकाश व ओलावा यांमुळे तिच्यातील रंगद्रव्ये लवकर नाश पावतात. प्रथम थोड्या कोंबड्यांना देऊन त्यांचे खाणे, विष्ठा व अंड्यांची संख्या यांची नोंद ठेवावी आणि खर्चाच्या मानाने लाभ दिसल्यासच वापर वाढवावा.