खाणीतील जीपवरील झेंडी
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, वणी या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या डोळ्यांना एक गोष्ट सवयीची झाली आहे. कोळसा खाणीतून बाहेर पडलेली एखादी बोलेरो किंवा कॅम्पर चहाच्या टपरीसमोर उभी राहते. तिच्या बंपरला एक लांब, बारीक काठी असते. ती वाकवून टपाला दोरीने बांधलेली असते आणि टोकाला धुळीने मळलेली नारिंगी झेंडी असते. आपण ती पाहतो आणि पुढे जातो. आमच्या वर्गातील बाहेरगावच्या एका मैत्रिणीने तर ही झेंडी कोणत्या पक्षाची, असे मला विचारले होते.

ही झेंडी कोणत्याही पक्षाची नाही. ती का लावतात, केवढी उंच लावतात आणि कशी बसवतात, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने असा विषय का निवडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. माझे बाबा खुल्या खाणीत डंपर चालवतात आणि माझे काका त्याच खाणीत भाड्याने लावलेली जीप चालवतात. आमच्या घरी झेंडी हा जेवताना बोलण्याचा विषय आहे.

इंग्रजीत हिला ‘व्हिप फ्लॅग’ म्हणतात. व्हिप म्हणजे चाबूक. खाणीतील लोक ‘बग्गी व्हिप’ असेही म्हणतात. घोड्याच्या बग्गीवर चाबूक उभा खोचलेला असे, तशीच ही लवचीक काठी गाडीवर उभी असते. खाणीखेरीज वाळूच्या टेकड्यांवर गाड्या चालवणारेही ती वापरतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील इंपीरियल येथील वाळूच्या टेकड्यांवर झेंडीचे टोक जमिनीपासून निदान ८ फूट उंच असावे लागते. ओरेगॉन राज्यात हीच मर्यादा ९ फूट आहे. टेकडीच्या दोन बाजूंनी दोन गाड्या वर चढत असतील तर माथ्यावर येईपर्यंत चालकांना एकमेकांचे दर्शन होत नाही. झेंडी मात्र गाडीच्या आधी माथ्यावर दिसते आणि सावध होण्यास काही क्षण मिळतात. आपल्याकडे वाळूच्या टेकड्या नाहीत, परंतु खाणीतील अडचण त्याहून बिकट आहे.

डंपर आणि जीप

दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, निलजई, मुंगोली या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणी आहेत. खुल्या खाणीत बोगदा नसतो. वरची माती आणि दगड काढून टाकतात आणि पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरत कोळशापर्यंत पोचतात. या पायऱ्यांना बेंच म्हणतात. बेंचवरून वर येणाऱ्या रस्त्यांना चढ असतो, वळणे असतात आणि गाडी खाली घसरू नये म्हणून कडेला मातीचे बांध घातलेले असतात. माणसाहून उंच अशा बांधाच्या वळणावर पलीकडून येणारी जीप दिसत नाही.

या रस्त्यांचा खरा मालक म्हणजे डंपर. १०० टन माल वाहणाऱ्या डंपरचे नुसते चाकच सुमारे ९ फूट उंच असते. बोलेरोची उंची ६ फुटांहून थोडी जास्त भरते. म्हणजे जीप त्याच्या चाकाएवढीही नाही. असा डंपर रिकामा असतानाही ६० टनांच्या वर भरतो, तर जीप दोन टनांचीही नसते. त्यांची गाठ पडली तर काय होईल, हे लिहिण्याची गरज नाही.

खाण सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या कुटुंबीयांना प्रदर्शन पाहावयास बोलावतात. दोन वर्षांपूर्वी तेथे एक डंपर उभा करून ठेवला होता. बाबांनी मला शिडीने वर चढवून केबिनमध्ये बसवले. केबिन डाव्या अंगाला असते. उजवीकडे पाहिले तर डंपरचा रुंद लोखंडी मंच दिसत होता आणि त्याच्या कडेपलीकडे एकदम दूरचे मैदान. मधले काहीच नाही. काका उजव्या चाकाजवळ उभे राहून मला हाका मारत होते. आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता. बाबा म्हणाले, “वर बसलेल्याले खालचं काही दिसत नाही, पोरी. लोकाले वाटते, एवढ्या उंचावर बसतो, त्याले सारंच दिसत असन.”

उंचीचे हे उलटे गणित मला त्या दिवशी प्रथम कळले.

थोडे गणित

दहावीतील समरूप त्रिकोण ज्यांना आठवत असतील त्यांना पुढील हिशेब सहज समजेल. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. समजा, चालकाचे डोळे जमिनीपासून १५ फुटांवर आहेत. त्याच्या उजवीकडे १४ फुटांवर मंचाची कड आहे आणि ती कड जमिनीपासून ११ फूट उंच आहे. चालकाची नजर त्या कडेला घासून खाली उतरते. १४ फूट पुढे जाताना ती ४ फूट खाली येते. म्हणजे प्रत्येक फूट खाली येण्यास तिला साडेतीन फूट पुढे जावे लागते.

आता पाहा. नजर जमिनीला टेकण्यासाठी १५ फूट खाली यावी लागते, म्हणून ती साडेबावन्न फुटांवर टेकते. त्यातून मंचाचे १४ फूट वजा केले तर डंपरच्या बाहेरची सुमारे ३८ फूट जमीन चालकाला दिसत नाही. ६ फूट उंचीच्या जीपचा टप दिसण्यासाठी नजर ९ फूट खाली यावी लागते. हिशेब केला तर जीप डंपरपासून साडेसतरा फूट दूर असेल तेव्हाच तिचा टप दिसू लागतो. त्याहून जवळची जीप चालकाच्या दृष्टीने नाहीच. जितकी जवळ, तितकी अदृश्य.

मग जीपवर जमिनीपासून १२ फूट उंच झेंडी लावली तर? मंचाची कड ११ फुटांवर आहे. झेंडी त्याहून उंच असल्याने जीप डंपरला अगदी खेटून उभी असली तरी झेंडीचे टोक कडेवर दिसतेच. यावरून नियम असा निघतो, की झेंडीची उंची जीपच्या टपावरून ठरवावयाची नसते, ती त्या खाणीतील सर्वांत मोठ्या डंपरवरून ठरवावयाची असते. ३५ टनी डंपरसाठी पुरेशी असलेली झेंडी १०० टनी डंपर आल्यावर अपुरी पडू शकते.

झेंडी कशी बसवावी

काठी फायबरग्लासची असावी. ती हलकी असते, वाकते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी सळई लावू नये. ती एकदा वाकली की वाकडीच राहते आणि खाणीत वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात हे विसरून चालत नाही. फायबरग्लासची काठी ओली किंवा मळकी असेल तर तिच्यावरही विश्वास ठेवू नये. तारेखालून जाताना काठी उतरवूनच जावे.

काठीच्या बुडाशी स्प्रिंग असते. झाडाची फांदी किंवा एखादी कमान लागली तर काठी मोडू नये, म्हणून ही सोय. परंतु स्प्रिंग फार मऊ असेल तर गाडी वेगात येताच वाऱ्याने काठी मागे कलते. येथे पुन्हा थोडा हिशेब करावा लागतो. बंपर जमिनीपासून २ फुटांवर आणि काठी १० फुटांची, असे धरू. काठी सरळ असेल तर टोक १२ फुटांवर राहते. ती ३० अंशांनी कलली तर टोक सुमारे १ फूट ४ इंच खाली येते. ४५ अंशांनी कलली तर जवळजवळ ३ फूट खाली येते आणि टोक ९ फुटांवर उरते. वरच्या हिशेबाप्रमाणे ९ फुटांवरची झेंडी डंपरपासून ७ फूट दूर असल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे काठी १० फुटांची विकत घेतली, पैसे पूर्ण दिले आणि उपयोग मात्र गेला. म्हणून स्प्रिंग ताठ असावी आणि झेंडी प्रमाणाबाहेर मोठी व जड नसावी.

काठी नुसत्या प्लास्टिकच्या बंपरला कधीही लावू नये. खालच्या लोखंडी पट्टीला किंवा पुढच्या गार्डला जाड पत्र्याचा ब्रॅकेट नटबोल्टने बसवावा, त्यावर स्प्रिंग आणि त्यात काठी. खाणीच्या रस्त्यावर हादरे एवढे बसतात की साधा नट चार दिवसांत सैल होतो. म्हणून स्प्रिंग वॉशर आणि लॉकनट वापरावा लागतो. काठी शक्यतो पुढच्या बाजूस असावी. बोलेरो सुमारे १३ फूट लांब आहे. काठी मागे लावली तर बांधाच्या वळणावर गाडीचे तोंड आधी रस्त्यावर येते आणि झेंडी १३ फूट मागून येते. मात्र काठी चालकाच्या नजरेसमोर न येता एका कोपऱ्यात असावी. सर्व बसवून झाल्यावर गाडी सपाट जमिनीवर उभी करून टोकापर्यंतची उंची टेपने जमिनीपासून मोजावी. काठीची लांबी म्हणजे झेंडीची उंची नव्हे.

झेंडीचा रंग झगझगीत नारिंगी किंवा लाल असतो. कोळसा काळा, माती पिवळट तांबूस, धूळ राखाडी. या सगळ्यांत हा नारिंगी रंग उठून दिसतो. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे किरण शोषून ते नारिंगी प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकण्याचा गुण या रंगात असतो, म्हणून तो पेटल्यासारखा भासतो. पण आपल्याकडील उन्हात तो लवकर विटतो. विटलेली झेंडी बदलावी आणि मळलेली धुवावी. कापड फडफडले पाहिजे, कारण डोळ्याच्या कोपऱ्याला रंगापेक्षा हालचाल लवकर कळते. रात्रपाळीसाठी काठीवर चकाकणारी पट्टी आणि टोकाला दिवा हवा. अंधारात नुसत्या कापडाचा काही उपयोग नाही.

झेंडीच्या मर्यादा

झेंडी लावली म्हणजे सर्व झाले, असे समजणे घातक आहे. झेंडी डंपर थांबवत नाही. ती फक्त दिसते आणि दिसण्यासाठीही वरच्या माणसाने त्या बाजूला पाहावे लागते. म्हणून जीपच्या चालकाने उभ्या डंपरच्या अगदी पुढे, मागे किंवा कडेला गाडी लावू नये. जवळ जावयाचे असल्यास आधी वायरलेसवर सांगावे आणि वरच्याने होकार दिल्यावरच जावे. अलीकडे डंपरवर कॅमेरे आणि जवळ आलेल्या गाडीची सूचना देणारी यंत्रेही बसवतात. ती अवश्य असावीत. पण कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसते, तार सैल होते. काठीच्या टोकावरची झेंडी मात्र बिनविजेची चाकरी करते. दोन्ही असावीत, एकामुळे दुसरी काढू नये.

गेटपुरती झेंडी

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना मला संकोच होत नाही, कारण ते आमच्या घरातले आहे. काकांच्या आधीच्या गाडीमालकाने झेंडी म्हणून टपावरच्या कॅरियरला तारेने एक बांबू बांधला होता. त्याला लाल लुगड्याची चिंधी. गेटवर तपासणी होत असे तेव्हा बांबू उभा आणि आत गेल्यावर पहिल्याच हादऱ्यात आडवा. अशी झेंडी गेटवरच्या शिपायासाठी असते, डंपरसाठी नसते. काकांनी दोनदा सांगितले, नवीन काठी आली नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी गाडी आत नेण्यास नकार दिला. त्या दिवसाची मजुरी बुडाली. रोजंदारीच्या माणसाची एक मजुरी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी बुडते त्यालाच कळते. काकू संध्याकाळी काही बोलल्या नाहीत, पण भांडी जरा जोरात वाजली.

बाबा एवढेच म्हणाले, “उद्या माह्याच डंपरखाली आला असता तू, अन् मले समजलंही नसतं.”

जेवण थांबले. बाबा वर असतात, काका खाली असतात. दोघांमध्ये ती काठी असते. चौथ्या दिवशी स्प्रिंगची काठी आली. तिची किंमत त्या गाडीच्या एका टायरपेक्षा कितीतरी कमी आहे.

आपल्या महाविद्यालयातील अनेकांचे वडील, भाऊ, मामा खाणीत भाड्याच्या गाड्यांवर आहेत. पदवीनंतर आपल्यापैकी काही जण सर्व्हेच्या, पाण्याच्या किंवा डिझेलच्या गाडीत बसून त्याच रस्त्याने आत जातील. त्यांना माझी विनंती एवढीच आहे, की घरची गाडी अंगणात उभी असेल तेव्हा एकदा टेप घेऊन जमिनीपासून झेंडीच्या टोकापर्यंत मोजावे. काठी हाताने हलवून पाहावी, नट सैल आहे का ते पाहावे, कापडाचा रंग उरला आहे का ते पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे. कमी भरले तर मालकाला सांगावे आणि एकट्याचे ऐकत नसेल तर चौघांनी मिळून सांगावे.