कपाळ गुडघ्याला टेकलेच पाहिजे असे नाही

योगदिनाच्या फोटोत हमखास कुणीतरी पाय पसरून बसलेले आणि कपाळ थेट गुडघ्याला टेकवलेले दिसते. हे पश्चिमोत्तानासन. इथे 'पश्चिम' म्हणजे शरीराची मागची बाजू. फोटो पाहून घरी जोर लावणारे आणि नंतर कंबर धरून बसणारे आमच्या ओळखीत कमी नाहीत.

पुण्यात योग म्हटले की बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव निघते. ते १९३७ साली पुण्यात आले. त्यांचे बालपण गरिबीत आणि आजारपणात गेले होते. शरीर इतके आखडलेले की सुरुवातीला वाकल्यावर हात जमिनीला पोचत नसत. पट्टा, घोंगडी, खुर्ची यांचा आधार घेऊन आसने करण्याची पद्धत पुढे त्यांनीच रुजवली. १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या इथल्या संस्थेत आजही तसेच शिकवतात. आपल्याकडे पट्टा नसेल, पण ओढणी आहे. आणि गोधडी तर घरोघरी आहे.

गोधडीची घट्ट घडी करून तिच्या कडेवर बसा. पाय समोर पसरा. गुडघे किंचित वाकले तरी चालतील. ओढणी तळपायांना अडकवून दोन्ही टोके धरा. श्वास घेत पाठ उंच करा, श्वास सोडत खुब्यातून पुढे झुका. खरी मेख इथेच आहे. मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. ते आखडलेले असले की खुबा हलत नाही, मग आपण पाठीला बाक काढतो आणि सगळा भार मणक्यांमधल्या गादीवर येतो. गोधडीच्या उंचीमुळे खुबा पुढे कलायला सोपे जाते. ताण मांडीमागे जाणवला तर ठीक. कंबरेत जाणवला तर मागे या. पाच-सहा श्वास थांबा, श्वास कोंडू नका. ओढणी खेचून धक्के देऊ नका, आणि पाठीवर कुणाला दाबायला तर मुळीच सांगू नका.

उठल्या उठल्या हे आसन नको. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. तासभर जाऊ द्या. पहाटे नळाला पाणी आले म्हणून भरलेला हंडा वाकून उचलतानाही हेच लक्षात ठेवा.

धुणीभांडी, झाडू, फरशी अशी दिवसभर वाकून कामे करणाऱ्या भगिनींना मात्र आम्ही दुसरा प्रकार आधी सुचवू. पाठीवर झोपा, एका तळपायाला ओढणी अडकवून तो पाय वर उचला, मग दुसरा. मांडीमागचे तेच स्नायू सैल होतात आणि पाठीला जमिनीचा आधार राहतो. दहा बाय दहाच्या खोलीतही जमते.

फायदा म्हणाल तर मांड्या-पोटऱ्यांची आखड कमी होते आणि संथ श्वासाने मन निवते. साखर उतरते, पोट जाते असेही सांगतात. पण त्या भरवशावर कुणी गोळ्या बंद करू नयेत.

गादी सरकलेली, पायात कळ उतरणारी, हर्नियाचा त्रास किंवा पोटाचे नुकतेच ऑपरेशन झालेले, गरोदर, तसेच हाडे ठिसूळ झाल्याचे डॉक्टरांनी सांगितलेले, यांनी पुढे वाकू नये. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मालिश करत घरी बसू नका. त्याच दिवशी ससून गाठा.