न दिसणं आणि नसणं : जुनी फोर-व्हील गाडी घेताना

गेल्या व्याख्यानात आपण भारतीय दर्शनांमधली प्रमाणं पाहिली. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशाच्या आधारे कळतं, हा तो प्रश्न होता. शेवटी एका श्रोत्यानं विचारलं, ‘सर, याचा रोजच्या व्यवहारात उपयोग काय?’ मी म्हटलं, जुनी गाडी घेताना होतो. सगळे हसले. पण मी ते गमतीनं म्हटलं नव्हतं. हे प्रकरण मला दोन लाख दहा हजार रुपयांना पडलेलं आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्याच विषयावर.

आमचं घर मालवणपासून आत, एका वाडीत. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याची उभी चढण आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत त्या चढणीवर शेवाळ धरतं, बाजूची लाल माती साबणासारखी होते आणि साध्या गाडीची चाकं जागच्या जागी फिरतात. निवृत्तीनंतर, २०११ मध्ये, मी ठरवलं की चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घ्यायची. नवी परवडणार नव्हती. १९९८ ची एक मिळाली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता.

आधी ही यंत्रणा थोडक्यात समजून घेऊ. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. त्यातलं एक चिखलात घसरलं की डिफरन्शियल ताकद त्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकातच घालवतो आणि दुसरं चाक नुसतं उभं राहतं. फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. ती ताकदीचा वाटा पुढच्या धुरीलाही देते.

यात दोन जाती आहेत. एक लिव्हर टाकून जोडायची : मारुती जिप्सी, महिंद्राची जुनी एमएम ५४०, २०१० मध्ये आलेली पहिली थार. दुसरी आपोआप जोडली जाणारी, उदाहरणार्थ २०१४ मध्ये आलेली डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह. पहिल्या जातीत लिव्हर टाकली की पुढची आणि मागची धुरी एकमेकींना बांधल्यासारख्या होतात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडावं लागतं. माती-वाळूवर चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाही आणि सगळा ताण गिअरांवर येतो. ‘फोर-व्हील आहे तर टाकून ठेवू’ म्हणून डांबरावर तशीच चालवलेली गाडी आतून झिजलेली असते, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या जातीत चारही टायर सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असले तर चाकांच्या वेगात कायम फरक राहतो आणि मधला जोड तापतो.

आणि एक गैरसमज. फोर-व्हील गाडीला पुढे नेते, थांबवत नाही. ब्रेक इतर गाड्यांसारखेच असतात. ओल्या घाटात उतरताना तिचा फाजील भरवसा धरू नका.

आता प्रमाणांकडे येऊ.

पहिलं प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं, हातानं चाचपलेलं. गाडी बघायला सकाळी जा, ऊन असताना जा, आणि विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर विचारा, का. थंड इंजिन चालू होताना जे खरं बोलतं, ते गरम झाल्यावर बोलत नाही. मग खाली झोपा. लाजू नका, जुनी लुंगी बरोबर न्या. पुढच्या-मागच्या हौसिंगमधलं तेल थोडं काढून बघा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. चालून तापलेली हौसिंग एकदम खाडीच्या थंड पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

दुसरं अनुमान. नैयायिकांचं जुनं उदाहरण तुम्हाला आठवत असेल : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. गाडीच्या बाबतीत तर आपण अक्षरशः धुरावरूनच अनुमान करतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. डिझेलचा काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, पंप, नोझल बघा. पांढरा धूर म्हणजे रेडिएटरचं पाणी आत जातंय. पण इथे थांबा. थंडीच्या सकाळी चांगल्या गाडीतूनही थोडा वेळ पांढरी वाफ येते. म्हणजे नुसता पांढरा धूर हा पुरेसा हेतू नाही. इंजिन तापल्यावरही तो येतच राहिला आणि पाणी कमी होत गेलं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा.

उलट बाजूही नैयायिकांनी पाहिली होती. धूर असेल तिथे आग असते, पण आग असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही. धुराला ओलं जळण लागतं. तेव्हा ‘धूर नाही, म्हणजे इंजिन उत्तम’ हे अनुमान चुकीचं. खूप लोक याच अनुमानावर गाडी घेतात.

तिसरं शब्दप्रमाण. आप्त माणसाचं वाक्य प्रमाण. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट माहीत आहे आणि जी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. या दोन्ही अटी विकणाऱ्याला लावून बघा. पहिली तो पुरी करतो. दुसरीबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं. मला गाडी विकणारा म्हणाला होता, ‘घाटावरची गाडी आहे सर, तिनं समुद्र पाहिलेला नाही.’

कागदपत्र हेही शब्दप्रमाणच, फक्त ते जास्त आप्त. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं आणि आरसीवर मूळचंच, असं फार आढळतं. छत कापलेलं, चासी लांबवलेली, असेही प्रकार असतात. कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. आपल्या राज्यात वर पर्यावरण कर आहे. शुल्कं बदलत राहतात, म्हणून व्यवहाराआधी ओरोसच्या आरटीओत एक चक्कर मारा. दिल्लीत दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन चालवण्यावर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांची एनओसी हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता चौथं प्रमाण, ज्यासाठी आज मी इथे उभा आहे. अनुपलब्धी. म्हणजे एखादी गोष्ट आढळत नाही, यावरून ती नाही असं कळणं. नैयायिक याला वेगळं प्रमाण मानत नाहीत. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती मानतात. पण त्यांनी एक अट घातली आहे. ती वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात. भर उजेडात टेबलावर घागर दिसली नाही, तर घागर नाही. अंधाऱ्या खोलीत दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

गाडी घेताना मी खाली वाकलो होतो बरं का! चासीवर गंज दिसला नाही. काळाकुळकुळीत, नवा, जाड थर दिलेला होता. मी म्हटलं, काय निगा राखली आहे! गंज दिसत नाही, म्हणजे गंज नाही. तीस वर्षं अनुपलब्धी शिकवलेल्या माणसानं हे अनुमान केलं.

पुढच्या वर्षी जुलैत पत्नीला तपासणीसाठी कोल्हापूरला नेत होतो. फोंडा घाटात, भर पावसात, एका वळणावर मागून मोठा आवाज झाला आणि गाडी एका अंगाला बसली. मागची कमान चासीला जिथे जोडलेली असते, तो भाग गंजून पोकळ झाला होता, तो फाटून निघाला. वेग कमी होता आणि आम्ही डोंगराच्या बाजूला होतो, म्हणून आज हे सांगतो आहे. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं लाकडी ओंडका आणि साखळी लावून गाडी कशीबशी खाली आणण्याजोगी केली. पत्नी त्या दिवशी मला एक शब्दही बोलली नाही. ते जास्त लागलं.

कुडाळात माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. त्यानं गाडी वर उचलली, छोटी हातोडी घेतली आणि चासीवर टकटक करत गेला. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येत होता. मग एका ठिकाणी बद्द आला. थर खरवडला तर आत पापुद्रे. पोकळ भागातून ओंजळभर वाळू निघाली. गाडीनं समुद्र चांगलाच पाहिला होता. बहुधा होड्या पाण्यात ढकलायला आणि ओढायला. तो म्हणाला, ‘सर, रंग नवो आसा म्हंजे खालचा लोखंड जुना आसा.’ अनुपलब्धीवरचं हे भाष्य मला कुठल्या ग्रंथात सापडलं नव्हतं.

तेव्हा नियम असा करा : दोष दिसला नाही, तर पुढचा प्रश्न विचारा, असता तर दिसला असता का? नसेल दिसणार, तर दिसेल अशी परिस्थिती तयार करा. चासीवर हातोडी मारा. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. पुट्टी भरलेली असेल तिथे ते धरणार नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यात आतल्या टोकाला गाळाचे डाग राहतात. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते आपण पाहिलं आहे. त्या सगळ्या भंगारात गेल्या असतील असं समजू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, फोर-व्हीलची परीक्षा डांबरी रस्त्यावर होतच नाही. तिथे तिचा दोष अयोग्य अनुपलब्धीत मोडतो. गाडी मोकळ्या मातीवर न्या. पुढच्या चाकांना लॉकिंग हब असतील तर ते लावा. लिव्हर फोर-हायला टाका, मग थांबून फोर-लोला. चढावर न्या. लिव्हर आपोआप सुटते का बघा, खडखड ऐका. मग मातीवरच स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा; पुढून टकटक आली तर एक्सलचे सांधे गेलेले आहेत. विकणारा म्हणेल, ‘फोर-व्हील चालू आहे, पण आम्ही कधी टाकलीच नाही.’ या वाक्यात दोन विधानं आहेत, आणि दुसरं पहिल्याचा आधारच काढून घेतं.

निगा राखण्याचंही सूत्र हेच. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर-व्हील टाकून चालवा. तेल सगळीकडे पोचतं, लिव्हर अडकत नाही, आणि बिघाड असला तर तो घराजवळ कळतो. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीसिंग करा, हौसिंगची तेलं तपासा. हौसिंगच्या श्वासनळीचं तोंड चिखलानं बुजलेलं नाही ना, तेही बघा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. मचूळ विहिरीच्या पाण्यानं धुणं म्हणजे मिठानंच मीठ धुणं. चासीच्या भोकांतून आत पाणी मारा, कारण वाळू तिथे बसते. काळा थर द्यायचाच असेल तर गंज खरवडून, प्रायमर मारून, पूर्ण वाळवून द्या. ओल्या गंजावर दिलेला थर गंजाचं रक्षण करतो, लोखंडाचं नाही.

आणि पुळणीवर गाडी घालू नका. मीठ हे एक कारण झालंच. पण वायंगणी, तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, तीही वाळूखाली असतात. वरून दिसत नाहीत. पुन्हा तोच मुद्दा.

शेवटचं सांगून थांबतो. चासीला पट्टी मारून ती गाडी मी आणखी सात वर्षं वापरली. २०१९ मध्ये विकायला काढली. कणकवलीकडचा एक तरुण बागायतदार बघायला आला. मी त्याला आधी खाली वाकवलं, पट्टी मारलेली जागा दाखवली, घाटात काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, आता मी आप्त झालो. तो माझ्याकडे संशयानं बघून म्हणाला, ‘सर, तुमी इतक्या सांगतास, मगे आनी काय लपवलास?’

मला राग आला नाही. त्याचं बरोबर होतं. मी आप्त आहे की नाही, हे त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळणार नव्हतं. मी घरात गेलो आणि हातोडी आणून त्याच्या हातात दिली. त्यानं पाऊण तास सगळी चासी वाजवली, लिव्हर टाकून आमची चढण दोनदा चढवली, आणि मी सांगितलेल्या किमतीतून वीस हजार कमी करून गाडी नेली.

आता प्रश्न असतील तर घेऊ.