कायोटी नेमका केवढा असतो?

आजचा विषय वजनाचा आहे आणि त्याची सुरुवात एका खऱ्या घटनेपासून करू. डिसेंबर २०२१. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनच्या परिसरात एका शिकाऱ्यानं कायोटी समजून एक जनावर मारलं. तिथं कायोटीच्या शिकारीला ठरावीक हंगामात परवानगी असते. जनावर काट्यावर ठेवलं तर भरलं ८५ पौंड, म्हणजे जवळजवळ साडेअडतीस किलो. पहिल्या तपासणीत तो कायोटीच असावा असं वाटलं. पुढे डीएनएची सविस्तर तपासणी झाली आणि २०२२ मध्ये राज्याच्या खात्यानं मान्य केलं की तो लांडगा होता. आणि न्यूयॉर्कमध्ये लांडगा मारायला कायद्यानं बंदी आहे.

आता प्रश्न असा, की जन्मभर रानात हिंडणाऱ्या माणसाला हा फरक कळू नये? आम्ही म्हणतो, न कळणं अगदी शक्य आहे. का, ते बघू.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘फॉक्स’ या शब्दाला सर्रास ‘कोल्हा’ म्हणतात. ते चुकीचं आहे. आपला कोल्हा म्हणजे जॅकल, साधारण आठ ते अकरा किलोचा. फॉक्स म्हणजे खोकड, माळरानावर बिळं करून राहणारी, शेपटीच्या टोकाला काळा झुपका असलेली, दोन-तीन किलोची. कायोटी या दोन्हींपैकी कुणीच नाही. तो उत्तर अमेरिकेचा प्राणी. दिसायला कोल्ह्यासारखा, पण कुळानं लांडग्याच्या जास्त जवळचा. इतका जवळचा, की त्यांची एकमेकांत पिल्लं होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिकाऱ्यांच्या गप्पांत पन्नास-साठ पौंडी कायोटी भरपूर असतात. काट्यावर मात्र ते क्वचितच दिसतात. बहुतेक कायोटी वीस ते पंचेचाळीस पौंडांत, म्हणजे नऊ ते वीस किलोंत बसतात. ही तफावत खोटं बोलण्यातून येते असं नाही. ती मुख्यतः केसांतून येते! हिवाळ्यात कायोटीच्या अंगावर लांब, दाट केस येतात आणि त्याच काळात त्याची शिकार जोरात असते. जनावर ओलं झालं की निम्मं दिसतं. खरूज होऊन केस गळालेला कायोटी तर इतका विचित्र दिसतो, की टेक्सासमध्ये अशा जनावरांना लोकांनी ‘चुपाकाब्रा’ नावाचा राक्षस ठरवलं होतं. त्यात फोटोची गंमत वेगळीच. हात लांब करून शिकार कॅमेऱ्यासमोर धरली आणि आपण मागे उभे राहिलो, की वीस किलोचे चाळीस व्हायला कितीसा वेळ? मासे धरणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं.

दुसरं कारण महिन्याचं. कायोटीची पिल्लं साधारण एप्रिल-मेमध्ये जन्मतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती उंचीला जवळजवळ मोठ्यांएवढी झालेली असतात, पण अंगानं भरलेली नसतात. नेमकी याच सुमारास ती घर सोडून नव्या मुलखात निघतात. अननुभवी असतात, म्हणून बंदुकीसमोर जास्त येतात. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला ‘यंदा जनावरं बारकी आहेत’ असं जे म्हणतात, त्यात बरेचदा यंदाची पिल्लंच मोजली गेलेली असतात. नर मादीपेक्षा थोडा जड, हे तर आहेच. वय ओळखायला दात बघावा लागतो. कोवळ्या जनावराच्या सुळ्याच्या आतली पोकळी रुंद असते, वय वाढलं की ती भरत जाते.

हे सगळं वजा केलं तरी खरा फरक शिल्लक राहतोच. मेक्सिकोतला नर सरासरी साडेअकरा किलोंच्या आसपास, अलास्कातला अठराच्या आसपास. थंड प्रदेशातली जनावरं मोठी असतात, कारण मोठ्या देहातून वजनाच्या मानानं उष्णता कमी निसटते. कार्ल बर्गमान या जर्मन शास्त्रज्ञानं १८४७ मध्ये मांडलेला हा नियम. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. न्यूयॉर्क आणि नेब्रास्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी पूर्वेकडचा कायोटी पश्चिमेकडच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असतो. तिथं थंडीचं कारण लागू पडत नाही. मग?

इथं ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट येते. कायोटी मुळात गवताळ मैदानांचा आणि वाळवंटांचा रहिवासी. पूर्वेची जंगलं लांडग्यांची होती. माणसानं तिथले लांडगे संपवले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कायोटी पूर्वेकडे सरकला. दोन वाटांनी सरकला. एक वाट महासरोवरांच्या उत्तरेकडून, कॅनडाच्या ऑन्टारिओतून. तिथं थोडे लांडगे उरले होते. जोडीदार मिळेना तेव्हा त्यांनी कायोटीशी जोड्या केल्या. दुसरी वाट दक्षिणेकडून, ओहायोतून. तिथं लांडगेच नव्हते. रोलंड केज आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांतल्या कवट्या आणि डीएनए तपासून २०१० मध्ये दाखवलं, की उत्तरेच्या वाटेनं आलेल्यांत लांडग्याचा अंश आहे, त्यांची कवटी मोठी आणि रुंद आहे आणि ते ओहायोवाल्यांपेक्षा पाचपट वेगानं पसरले. रुंद कवटी म्हणजे जबड्याला जास्त जोर. हरणांनी भरलेल्या जंगलात तो कामी येतो. काही अभ्यासक चांगल्या खाण्यालाही श्रेय देतात. आम्हाला वाटतं दोन्ही आहे. पण कवटीचा आकार नुसत्या खाण्यानं बदलत नाही.

मजा म्हणजे कायोटी याआधी एकदा लहानही झालेला आहे. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रियाच्या डांबरात हिमयुगातल्या कायोटींची हाडं सापडतात. ते आजच्यापेक्षा मोठे, दणकट जबड्याचे होते. मोठे शाकाहारी प्राणी नष्ट झाले, महाकाय लांडगेही गेले आणि साधारण हजार वर्षांत कायोटी आजच्या मापावर आला. उत्क्रांतीच्या हिशेबात हजार वर्षं म्हणजे काहीच नाही.

खोकडीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं गोंधळ वेगळा आहे. उत्तर अमेरिकेत ‘फॉक्स’ म्हणजे एक जात नव्हे. वाळवंटातली किट खोकड दोनेक किलोची, मैदानातली स्विफ्ट तिच्याहून किंचित मोठी, झाडावर चढणारी करडी खोकड तीन ते सहा-सात किलोंची, तांबडी साधारण तेवढीच पण लांब पायांची आणि झुबकेदार. तांबडी हिवाळ्यात दहा किलोंची वाटते, उचलली की पाचाची निघते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर करडीचीच वंशज असलेली बेटखोकड राहते. ती मांजराएवढी उरली आहे. बेटावर खाणं कमी, जागा कमी, म्हणून देह आटला.

आता पुन्हा बंदुकीकडे येऊ. उत्तर कॅरोलिनात लाल लांडगा आहे. रानातून संपलेला हा प्राणी १९८७ पासून पुन्हा सोडण्यात आला. एके काळी शंभराच्या वर गेला आणि मग घसरत काही डझनांच्याही खाली आला. त्याचं वजन वीस ते छत्तीस किलो. म्हणजे लहान लाल लांडगा आणि मोठा कायोटी काट्यावर सारखेच भरू शकतात, मग रात्री टॉर्चच्या झोतात काय कळणार? गोळी लागून मरणं हे त्याच्या घसरणीचं एक मोठं कारण ठरलं. न्यायालयातल्या दाव्यानंतर २०१४ मध्ये त्या पाच काउंटींत कायोटीची रात्रीची शिकार बंद झाली. तिथल्या लाल लांडग्यांना आता भडक नारिंगी पट्टे घालतात, म्हणजे लांबून दिसावेत.

एका श्रोत्यानं विचारलंय, की मग फरक ओळखायचा तरी कसा? वजनावरून नाही. कायोटीचे कान डोक्याच्या मानानं मोठे आणि टोकदार, मुस्कट निमुळतं, पंजे लहान. लांडग्याचे कान आखूड व गोलसर, मुस्कट रुंद आणि पावलं मोठी. पण हे दिवसाउजेडी, जनावर स्थिर उभं असताना. पळत्या जनावरावर ही यादी लावून बघायला कुणाला सवड मिळत नाही.